असुंताबाईचा बैल

"नाना, ही काय आता वर येत न्हाय," पिराजी म्हणाला आणि चिखलातच मटकन बसला.

मी त्याला उठवला. शिव्या घालून उठवला, कारण दमलेला माणूस गोड बोलून उठत नाही, हे मी सगळ्या लढाईत बघितलं होतं. चव्वेचाळीस सालचा ऑक्टोबर, इटलीतला डोंगर, आणि असा चिकट चिखल की बूट आत ठेवूनच पाय वर यावा. आमची रणगाडे फोडायची तोफ चढाच्या मध्यावर अडकली होती. तिला ओढणारी गाडी चाकांचा लोखंडी पट्टा तुटून कड्याखाली आडवी झाली होती. आम्ही सहाजण होतो आणि तोफेचं वजन टनावर. ढकलून ढकलून तळहाताची सालं निघाली, पण तोफ बसल्या म्हशीसारखी जागची हलेना.

वरच्या टेकाडावर आमच्याच मराठा पलटणीची एक कंपनी होती. पहाटे त्यांनी ते टेकाड जर्मनांकडून हिसकावलं होतं. त्यांच्याकडं रायफली होत्या, ब्रेनगनी होत्या, पण रणगाडा अडवायला काही म्हणजे काही नव्हतं. ते काम आमचं.

आणि त्या कंपनीचा वायरलेसवाला होता नाईक मुगुटराव शिंगाडे. माझ्या धाकट्या बहिणीचा, हौसाचा, नवरा. आमचे दाजी.

आमच्या वायरलेसच्या डब्यातून त्यांचाच आवाज आला. "तोफ कुठवर आली? ओव्हर."

"येतीय," मी म्हटलं.

"येतीय म्हंजे कुठवर?"

"येतीय म्हंजे येतीय. तुम्ही वरची खबर सांगा."

जरा खरखर झाली. मग दाजी म्हणाले, "पलीकडच्या खोऱ्यात इंजिनं वाजाय लागल्यात. साहेब म्हणतोय धुकं उठलं की चढतील. दुपारपतुर." आणि थोडं थांबून, वायरलेसवर बोलू नये ते बोलले, "नाना, लवकर या."

हौसाचं लग्न मी लावून दिलं होतं. पोरगं झालेलं दाजींनी अजून बघितलंसुद्धा नव्हतं. मी डबा पिराजीच्या हातात दिला आणि इकडंतिकडं बघायला लागलो, काहीतरी ओढणारं दिसतंय का म्हणून. तेव्हा मला शेणाचा वास आला.

हसू नका. माणदेशातला माणूस मी. म्हसवडच्या जत्रेत डोळे बांधून सोडलं तरी बैलबाजार कुठल्या अंगाला भरलाय ते सांगेन. आणि हे शेण ताजं होतं. त्या मुलखात जर्मनांनी मागं हटताना गोठेच्या गोठे रिकामे केले होते, शेळीसुद्धा ठेवली नव्हती. मग हे शेण आलं कुठून? मी वास काढत झाडीत शिरलो, मागून पिराजी.

झाडीत दगडी खोपट होतं. त्याच्या दाराला फांद्या लावून दार झाकलेलं. फांद्या बाजूला केल्या तर आत दोन बैल. बैल कसले, दोन पांढरे डोंगरच! पिराजीचं डोकं त्यांच्या पाठीला लागेना. मी आजवर तेवढा बैल बघितलेला नाही, आणि माझ्या तोंडून हे निघतंय म्हणजे काय ते समजा, कारण आम्ही खिलारापुढं कुणाला बैल म्हणत नाही.

"आईशप्पथ," पिराजी म्हणाला. मग जवळ जाऊन त्यानं एकाच्या मानेवरनं हात फिरवला आणि त्याचा चेहरा पडला. "नाना, यांना वशिंडच न्हाय!"

खरंच नव्हतं. मान सरळ पाठीला जाऊन मिळाली होती, वर उंचवटा म्हणून नाही.

"वशिंड न्हाय तर जू टेकायचं कुठं?" पिराजी म्हणाला. "घसरून शेपटीपतुर जाईल. दिसायलाच बैल हे, खोट हाय यांच्यात."

मलाही तसंच वाटलं होतं, पण मी तसं बोलून दाखवतोय होय! "तू ओढतोस का मग तोफ? तुला तर वशिंडबी न्हाय आन् शेपूटबी न्हाय," मी म्हटलं.

एवढ्यात मागून आवाज आला. वळलो तर दारात एक बाई उभी, हातात गवत उचलायचं दाताळं. ते दाताळं तिनं माझ्या पोटाला लावलेलं. चाळिशीची असेल. डोक्याला काळा रुमाल, गालफडं बसलेली.

"जर्मन घेऊन गेले नाहीत, आता तुम्ही आलात?" ती म्हणाली.

मला तोवर त्यांची भाषा कामापुरती यायला लागली होती. भाजी, पाणी, दारू, रस्ता, मुलंबाळं, एवढं सगळं मी घडाघडा बोलायचो आणि पलटणीत त्याची फुशारकी मारायचो. मी हात वर केले. म्हटलं, "घ्यायला नाही आलो, बाई. मागायला आलोय."

तिचं नाव असुंता. आम्ही नंतर तिला असुंताबाईच म्हणायला लागलो. नवरा रशियाच्या लढाईत गेला तो परतलाच नव्हता. खालच्या वाडीत सहा-सात घरं, घराघरात म्हातारीकोतारी आणि पोरं. धान्य जर्मनांनी नेलेलं. महिनाभर सगळे रानातल्या चेस्टनट नावाच्या फळाचं पीठ उकडून खात होते. शिल्लक राहिली होती ही एक बैलजोडी, तीही तिनं असं लपवून ठेवली म्हणून. बीजो आणि फाल्को अशी त्यांची नावं. सगळ्या वाडीची नांगरट त्या दोघांवर.

पिराजी माझ्या कानाशी लागला. "नाना, बंदूक आपल्याकडं हाय. सोडा बैल आन् चला. वर माणसं मरायला टेकल्यात."

"दुसऱ्याच्या दावणीचा बैल सोडू?" मी म्हटलं. "तुझ्या बापाचा सोडला असता कुणी तर?"

"मग ती देईना तर?"

"देईल."

असं मी म्हटलं खरं, पण ती का देईल हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी तिला जे होतं ते सांगितलं. वर टेकाडावर माझ्या बहिणीचा नवरा आहे. पलीकडनं रणगाडे येतायत. तोफ पोहोचली तर तो वाचेल, नाही पोहोचली तर नाही. बहिणीला एक मुलगा आहे, बापानं अजून त्याचं तोंड बघितलं नाही.

"बैल मेला तर?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं, पण शेतकऱ्याच्या बाईला बैलाबद्दल खोटं सांगायला माझी जीभ उचलेना. "मरूही शकेल," मी म्हटलं. "वर गोळे पडतायत."

तिनं दाताळं खाली घेतलं. बराच वेळ बीजोच्या कानामागं खाजवत उभी राहिली. मग कोपऱ्यातलं जू ओढून काढलं आणि पिराजीच्या अंगावर टाकलं. "धर. नुसता उभा राहू नको."

ते जू वेगळंच होतं. मानेच्या आकाराचं कोरलेलं, खालून रुंद चामडी पट्टे. वशिंडाची गरजच नाही. पिराजीनं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं.

तोफेला साखळी लावली, जोडी जुंपली. मी मागं उभा राहिलो, हात शिवशिवत होते. केवढ्या दिवसांनी बैल हाकायला मिळणार! "हाऽऽ चल, हाऽऽ!" मी आरोळी ठोकली. जीभ टाळ्याला लावून कडकड वाजवली. बैल ढिम्म. मी जवळ जाऊन बीजोची शेपटी पिळली. त्यानं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. त्यांच्या नाकाला वेसण नव्हती, लोखंडी चिमटा होता आणि चिमट्याचा दोर पुढं. तिकडं बैल मागून हाकत नाहीत, पुढं चालून नेतात.

असुंताबाईनं दोर हातात घेतला. "माझ्याशिवाय ते जात नाहीत," ती म्हणाली.

"बाई, तू नको. वर गोळे—"

"ऐकलं मघाशी. बैलही गोळ्यातच चाललेत ना?"

ती पुढं झाली, हलक्या आवाजात काहीतरी बोलली, आणि जोडीनं खांदे लावले. साखळी ताणली. चिखलातनं चुळूक करून आवाज आला आणि तोफ हलली. आमच्या सहाजणांनी मिळून जी तसूभर सरकली नव्हती ती तोफ! पिराजी तर चाकाला रेटा देता देता नाचायलाच लागला.

"खोट हाय व्हय रं यांच्यात?" मी ओरडलो.

"चुकलं, नाना! आयच्यान, चुकलं!"

वळणं घेत घेत आम्ही वर सरकत होतो. बाई पुढं, बैल मागं, आम्ही चाकांना. धुकं पातळ व्हायला लागलं तसे तोफगोळे जवळ पडायला लागले. दर गोळ्याला आम्ही खाली झोपायचो. बाई झोपायची नाही. बैलाच्या तोंडाशी तोंड नेऊन उभी राहायची, बोलत राहायची.

शेवटच्या वळणावर गोळा पडला तो अगदी उजव्या अंगाला. माती आणि दगड अंगावर पडले. मान वर करून बघितलं तर बीजो गुडघ्यावर आलेला, मानेतनं रक्ताची धार. तो उठायचा प्रयत्न करत होता. दोनदा उठला. तिसऱ्यांदा कुशीवर पडला आणि त्याचे डोळे स्थिर झाले.

टेकाडाचा माथा वर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. वायरलेसमधून दाजी ओरडत होते, "दिसतोय! पयला दिसतोय! नाना, कुठं हाय तुम्ही?"

असुंताबाई खाली बसली, बीजोचे पट्टे सोडले आणि जू बाजूला ओढलं. मला वाटलं आता ही रडणार, दुसरा बैल घेऊन खाली जाणार, आणि कुणाच्या तोंडानं तिला अडवायचं? तर तिनं काय करावं! जुवाचं रिकामं टोक उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

मी धावत जाऊन तिला बाजूला केलं. "तू पुढं हो, त्याला तू ने," म्हटलं, आणि त्या जागी मी मान घातली. पिराजी माझ्या शेजारी शिरला. एका अंगाला फाल्को, दुसऱ्या अंगाला आम्ही दोघं. बाकीचे चौघं चाकांना. फाल्कोचा गरम श्वास माझ्या कानावर येत होता. जुवाच्या लाकडाचा दाब माझ्या खांद्यावर असा बसला की हाड वाजलं. तो खांदा आजही थंडीत दुखतो. बाईनं हाक दिली, फाल्कोनं ओढलं, आम्ही ओढलं. माझ्या आयुष्यात मी तेवढा जोर कशाला लावला नाही.

माथ्यावर पोहोचलो. दाजी खंदकातनं उडी मारून आले आणि तोफेचं शेपूट धरून तिला वळवायला भिडले. खाली रस्त्याच्या वळणावर रणगाड्याचं नाक दिसत होतं. माझा पहिला गोळा पुढं गेला. दुसरा बरोबर कुशीत बसला. धूर निघाला, मागचे दोन थबकले, वळले आणि आले तसे गेले. खंदकातनं पोरांनी महाराजांच्या नावाची अशी आरोळी ठोकली की खोरं दुमदुमलं.

दाजींनी मला मिठी मारली. आमच्यात मेव्हण्याला कुणी मिठी मारत नाही, पण मारली. "नाना," ते म्हणाले, "नाना!"

बाई कुठं दिसली नाही. गोळे अजून पडत होते, ती फाल्कोला घेऊन पळत खाली गेली होती. मला वाटलं, बिचारीला मेलेला बैल बघवला नसेल.

मी दाजींना सगळं सांगितलं. ते उठले आणि वळणापाशी गेले. बीजोच्या डोक्याशी बसून त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ह्याच्यामुळं मी हाय," एवढंच म्हणाले. मग टोपी काढून ठेवली आणि फावडं मागवलं.

त्या दुपारी आम्ही जे केलं ते मनापासून केलं. गोळ्यानं पडलेला खड्डा होता, तो रुंद केला, खोल केला. अर्धी कंपनी खणायला आली, कारण सगळी शेतकऱ्याची पोरं, बैल उघड्यावर टाकून कोण जाणार? कोल्ह्या-कुत्र्यांनी त्याला ओढावं? दाजींनी स्वयंपाकाच्या लंगरातनं हळद आणवली आणि बीजोच्या कपाळाला, शिंगांना आणि खुरांना लावली, बेंदराला, बैलांच्या सणाला, लावतात तशी. स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर घातली, ताडपत्रीत गुंडाळून दोरांनी सावकाश खाली सोडला. माती लोटली, दगड रचले. पिराजीनं रानफुलं आणून ठेवली. सगळ्यांनी सलाम केला. वाटलं, बाई येईल, बघेल, तिला तेवढंच समाधान वाटेल.

ती आली, पण एकटी नाही. मागं सगळी वाडी. म्हाताऱ्या, दोन म्हातारे, पोरं. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या घमेली, एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर करवत. असुंताबाईच्या हातात मिठाची पिशवी आणि लांब सुरा होता.

ती वळणावर थांबली. इकडंतिकडं बघितलं. "बीजो कुठंय?"

मी पुढं झालो. छाती काढून म्हटलं, "इथं. राजासारखा पुरला त्याला."

"पुरला?"

तिला शब्द कळला होता, अर्थ लागत नव्हता. तिनं दगडांकडं बघितलं, फुलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मिठाची पिशवी तिच्या हातातनं गळून पडली.

"तुम्ही त्याला पुरलं?" ती ओरडली. "बर्फ पडायला महिना राहिला! घरात चिमूटभर पीठ नाही! आमचा सगळा हिवाळा होता तो, सगळा हिवाळा!" आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली. मागची एक म्हातारी मातीत बसून रडायला लागली.

मी मार खात उभा राहिलो. सुरा, मीठ, करवत, आता मला सगळं दिसलं.

आमच्या पोरांनाही कळलं. "कापायला आल्यात!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांची तोंडं फिरली. दाजी तर ताडकन उठून त्या दगडांवर जाऊन उभे राहिले.

"न्हाय," ते म्हणाले. "ज्यानं माझा जीव राखला त्याला खाणार? तुकडं करून? मी हाय तवर उकरायचं न्हाय. नाना, तिला सांगा. आपलं रेशन देऊ, काय पाहिजे ते देऊ."

"किती दिवस देणार?" मी म्हटलं. "उद्या हुकूम आला की परवा आपण दुसऱ्या डोंगरावर."

"तरीबी न्हाय."

"दाजी, खाली उतरा."

"उतरणार न्हाय!"

त्यांच्यावर मी आजवर आवाज चढवला नव्हता. बहिणीचा नवरा, मान द्यायचा माणूस. पण त्या दिवशी चढवला. "बैल कुणाचा?" मी ओरडलो. "तुमचा? माझा? गोठा कुणाचा, दावण कुणाची? तिनं दिला म्हणून आपण घेतला. आता ती काय करायचं म्हणतीय ते आपण ठरवायचं व्हय?"

दाजी दगडांवरनं हलले नाहीत.

मी फावडं घेतलं आणि त्यांच्या पायाशीच दगड काढायला लागलो. जन्मात मी जे करीन असं वाटलं नव्हतं ते करत होतो. पिराजी आला. तोही फावडं मारायला लागला. दगड निघाले, माती निघाली. शेवटी दाजी बाजूला झाले आणि पाठ करून उभे राहिले.

ताडपत्री उघडली. असुंताबाई खड्ड्यात उतरली. तिनं घोंगडी बाजूला केली, आत हात घालून बीजोच्या पोटाला चाचपलं. थंडी चांगली होती. "चालेल अजून," ती म्हातारीला म्हणाली. मग तिला त्याच्या कपाळाची हळद दिसली. तिनं बोटानं ती पुसली नाही. नुसतं विचारलं, "हे काय?"

"आमच्याकडं सणाला लावतात," मी म्हटलं. "बैलाला देव मानतात."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते. "मी त्याला आईच्या पोटातनं ओढून काढला होता, या हातांनी," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, मला गोड लागणार आहे?"

तिनं स्वतःच्या कपाळाला हात लावला, छातीला लावला, त्यांच्या पद्धतीनं देवाचं नाव घेतलं आणि सुरा उचलला. मागचा पाय धरून वर ताणायला माणूस हवा होता. म्हातारा पुढं झाला, पण त्याच्या अंगात काही नव्हतं, पाय त्याच्या हातातनं निसटला. मी खड्ड्यात उडी मारली आणि धरला. डोळे मिटून धरला. पाय जड होता, माझा दुखरा खांदा तेवढा वर जाईना, आणि बाई सारखी म्हणत होती, अजून वर, अजून वर.

मागं कुणीतरी खड्ड्यात उतरल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर शेजारी दाजी. चेहरा राखेसारखा, ओठ घट्ट मिटलेले. बाह्या वर केलेल्या होत्या.

"हौसाला यातलं कधी सांगायचं न्हाय," ते मला म्हणाले.

"न्हाय सांगत," मी म्हटलं.

मग ते असुंताबाईकडं वळले. त्यांना तिची भाषा येत नव्हती, आणि मला सांगायला लावायलाही ते थांबले नाहीत. दोन्ही हात पुढं केले आणि मराठीतच विचारलं, "बाई, कुठं धरू?"

तिनं दाखवलं, आणि दाजींनी तिथं धरलं.